रात्रीचा किनारा आणि एकटी होडी

विषय जाहीर झाला तेव्हाच एका गृहस्थांनी फोन करून विचारलं होतं, "बार्शीत समुद्र कुठला हो?" बार्शी तिथे सरशी म्हणतात, म्हणून आम्ही आलो, एवढंच उत्तर तेव्हा सुचलं. पण नंतर वाटलं, प्रश्न बरोबर नाही. आपल्या जिल्ह्याच्या कडेला उजनीचं एवढं मोठं पाणी पसरलेलं आहे. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, हे आपल्यातला कोणी विसरलेला नसेल. पाणी आपल्यापासून लांब नाही. पाण्याची सवय मात्र लांब आहे. आम्ही दोघं शीड धरायला उजनीवरच शिकलो आणि मग कोकणात गेलो.

आज सांगायचं आहे ते एका रात्रीबद्दल. गाडीमागे ट्रेलरला जोडून नेता येईल अशी एकोणीस फुटी शिडाची होडी, तीत एकच माणूस, आणि दाभोळ ते जयगड हा किनारा. नकाशावर हे अंतर साधारण सतरा सागरी मैल भरतं. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. अशी होडी तासाला साडेतीन-चार मैल जाते. म्हणजे पाच तासांचं काम. एवढ्यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे?

आहे, ते असं. समुद्रात भीती कसली, असं विचारलं की लोक लाटा सांगतात, वादळ सांगतात, खोल पाणी सांगतात. आमचा अनुभव उलटा आहे. रात्री किनाऱ्याने एकट्याने जाताना समुद्रापेक्षा जमिनीची भीती जास्त. खडक जमिनीचा, जाळी किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडावरची वाळू जमिनीनेच आणून टाकलेली, आणि जहाजांची गर्दी बंदराच्या दारात.

नौदलाचे दिलीप दोंदे यांचं नाव आपण ऐकलं असेल. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, चार बंदरांत थांबत, मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात बांधलेली, छप्पन फुटी. त्यांच्या धाडसाशी आमची तुलनाच नाही, ती करायचीही नाही. पण एका बाबतीत आमची रात्र त्यांच्या रात्रीपेक्षा अवघड होती, असं आम्ही ठामपणे म्हणतो, आणि ती बाब म्हणजे झोप. दक्षिण महासागराच्या मध्यावर चहूबाजूंना शेकडो मैल काही नसतं. स्वयंचलित सुकाणू लावून, गजर लावून माणूस तुकड्या-तुकड्यांनी झोपू शकतो. आमच्या डाव्या हाताला तीन मैलांवर वेळणेश्वरचे खडक होते. चार नॉटच्या वेगाने तीन मैल म्हणजे पाऊण तास. मध्येच वारा फिरला आणि माणसाचा डोळा लागलेला असला, तर त्या पाऊण तासात गोष्ट संपली.

आता 'आम्ही' आणि 'एकटा' हे एकत्र कसं, असं मनात आलं असेल. आमची पद्धत अशी आहे की एक पाण्यावरचा आणि एक रस्त्यावरचा. होडीत एकच जण असतो. दुसरा जीप आणि रिकामा ट्रेलर घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने पुढे जातो. पुढच्या खेपेला अदलाबदल. एकट्याने जाण्यासाठी किनाऱ्यावर जागा राहणारा माणूस लागतो, ही गोष्ट लोकांना विचित्र वाटते. पण होडीतला एकटा खरोखर एकटा असला, तर त्याचं काही बरंवाईट झालेलं कळायलाच दोन दिवस लागतील.

बार्शीहून पंढरपूर, कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण असे आम्ही गेलो. ट्रेलरबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण चुका तिथेच होतात. घाट उतरून आल्यावर चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तसाच ट्रेलर खाऱ्या पाण्यात उतरवला की गरम बेअरिंग गार होताना पाणी आत ओढून घेतं आणि महिनाभरात गंजून बसतं. म्हणून आधी चहा, मग पाणी. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघायचं. डोलकाठी ॲल्युमिनियमची, आणि जेट्ट्यांच्या आसपास विजेच्या तारा कुठूनही गेलेल्या असतात.

होडी उतरवायला खाडीतल्या फेरीबोटीच्या उताराचा उपयोग होतो, अर्थात विचारून आणि फेरी बंद असताना. आणि विचारणं तेवढ्यावर संपत नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत आले, तेव्हापासून रात्री एकटी फिरणारी अनोळखी होडी ही संशयाचीच गोष्ट आहे, आणि ते योग्यच आहे. होडीची कागदपत्रं, परवानगी, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ हे सगळं बंदराच्या कचेरीत आणि सागरी पोलिसांकडे आधी कळवायचं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही क्रमांक आम्ही होडीच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवले आहेत. घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलं आठवत नाही.

आता वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतात का? आपण ते परीक्षेपुरते पाठ केले. कोकणातला मच्छीमार त्यांच्यावर पोट भरत आला. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. पहाटे मतलईवर बाहेर जायचं आणि दुपारी खाऱ्यावर घरी यायचं, ही शिडाच्या काळातली रीतच होती. हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, मतलई चांगला वाहतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या होडीला तो डाव्या बाजूने मिळतो, आणि शिडाला आडवा वारा सगळ्यात सोयीचा. शिवाय वारा जमिनीकडून येत असल्यामुळे किनाऱ्याजवळ लाट उठायला जागाच मिळत नाही, पाणी सपाट राहतं. रात्रीचा प्रवास निवडण्याचं खरं कारण हे आहे. चांदण्याची हौस हे दुसरं.

भरती-ओहोटीचं गणित तर बार्शीकरांना कोकणातल्या माणसाइतकंच सोपं जाईल, कारण तिथी इथे सगळ्यांना माहीत असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला. आम्ही निघालो तो दिवस पौष शुद्ध एकादशीचा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे रात्री सव्वाआठला पूर्ण भरती, मग सहा तास ओहोटी, आणि सव्वादोनच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. हा फक्त अंदाज. जाताना छापील तक्ता बघायचाच. पण अंदाज खिशात असला की तक्ता वाचताना चूक पटकन कळते.

तर भरती टळल्यावर, साडेनऊला, ओहोटीच्या पाण्याबरोबर होडी दाभोळच्या खाडीतून बाहेर पडली. हे ठरवून केलेलं. पण इथेच एक पेच आहे, तो लक्षात ठेवा. निघताना ओहोटी सोयीची, म्हणजे पाच तासांनी जयगडला पोचताना पाणी अगदी खाली असणार. त्याकडे नंतर येतो.

किती बाहेरून जायचं? आत गेलं तर मच्छीमारांची जाळी. फार बाहेर गेलं तर जहाजांची वाट. दाभोळजवळ नैसर्गिक वायूची जहाजं येतात, जयगडला कोळशाची मोठी जहाजं. या दोन्हींच्या मधला दोन-तीन मैलांचा पट्टा आपला. मोठ्या जहाजाला उथळ पाण्यात येता येत नाही, हेच छोट्या होडीचं संरक्षण. ही काही आमची अक्कल नव्हे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला, तेव्हा थळ-नागावच्या बाजूने मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या काळोखात रसद पोचवत राहिल्या. उथळ पाणी, वल्ही आणि शीड दोन्ही, आणि किनाऱ्याची पाठ असलेली ओळख. इंग्रजांच्या जड जहाजांना त्या पकडता येईनात. शेवटी इंग्रजांनाच वेढा उठवावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात दौलतखान आणि मायनाक भंडारी ही नावं येतात. त्या होड्यांवरच्या खलाशांची येत नाहीत. रात्री किनारा वाचणारे ते होते.

किनारा वाचायचा म्हणजे दिवे वाचायचे. प्रत्येक दीपगृहाची लकब वेगळी असते. कुठे एक चमक आणि मोठी विश्रांती, कुठे दोन चमका पाठोपाठ. ती सागरी नकाशावर लिहिलेली असते. दिवा दिसला की आधी घड्याळावर मोजायचं, मग नाव द्यायचं. उलटं करू नये. 'हे टोळकेश्वरच' असं मनात आधी ठरवलं की डोळा तीच लकब बघायला लागतो. किनाऱ्याच्या वळणदार रस्त्यावर झाडांआडून जाणारा ट्रकसुद्धा दीपगृहासारखा चमकतो, हे आम्ही एकदा पंधरा मिनिटं अनुभवलं आहे.

दिवा किती लांबून दिसेल हेही काढता येतं. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा क्षितिजाखाली बुडालेला असतो. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला दोनने, बारकाईने सांगायचं तर २.०८ ने गुणा, म्हणजे मैल येतात. समुद्रसपाटीपासून छत्तीस मीटरवर दिवा असेल तर सहाची दुप्पट, साडेबारा मैल. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून एक मीटरवर, त्याचे दोन मैल. एकूण साडेचौदा. त्या अंतरावर दिवा क्षितिजावर डोकं काढतो. हे झालं हवा स्वच्छ असेल तर. हिवाळ्यात पहाटे किनाऱ्यावर धुरकं असतं, तेव्हा गणित कागदावरच राहतं.

आता दुसऱ्या बाजूने बघू. आपण कोणाला दिसतो? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरचा पांढरा दिवा सहा मैलांवरून दिसला पाहिजे. आपल्यासारख्या बारा मीटरच्या आतल्या होडीचा लाल-हिरवा दिवा एक मैलावरून दिसला की नियम पाळला गेला. सात मीटरच्या आतल्या शिडाच्या होडीला तर, दिवे लावणं शक्यच नसेल तर, हातात पेटता टॉर्च तयार ठेवण्याचीही मुभा आहे. नियमात बसतं. पण पंधरा नॉटने येणारं जहाज एक मैल चार मिनिटांत कापतं. त्यावरच्या अधिकाऱ्याने आपला दिवा बघायचा, ही होडी आहे हे ओळखायचं आणि दोनशे मीटर लांबीचं जहाज वळवायचं, हे चार मिनिटांत होईल यावर भरवसा ठेवू नये. आम्ही डोलकाठीच्या टोकाला तीन रंगांचा दिवा लावतो आणि शिवाय शिडावर टॉर्च मारतो. पांढरं शीड उजळलं की लांबून भुतासारखं दिसतं. बाजूला व्हायची जबाबदारी मात्र मनाने आपलीच मानायची.

येणारं जहाज आपल्यावर येतंय का, हे ओळखायची रीत सोपी आहे. बार्शी-कुर्डुवाडी रस्त्याने तुम्ही मोटरसायकलवर चालला आहात आणि आडव्या रस्त्याने ट्रॅक्टर येतोय. ट्रॅक्टर तुमच्या नजरेत पुढे किंवा मागे सरकत असेल तर काळजी नाही. तो एकाच जागी राहून नुसता मोठा होत असेल तर चौकात गाठ पडणार. जहाजाचंही तेच. डोलकाठीला बांधलेल्या तारेच्या रेषेत जहाजाचा दिवा धरायचा, होडी सरळ ठेवायची आणि पाच मिनिटांनी परत बघायचं. दिवा तारेवरून हलला नसेल तर आपण वळायचं, लवकर आणि ठळक वळायचं. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तारेची वाटच बघू नये, ते नाळेनेच आपल्यावर येतंय.

हे सगळं वाचायला डोळे अंधाराला सरावलेले लागतात, आणि सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. मोबाईलचा पडदा एकदा उघडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून होडीत लाल उजेडाचा टॉर्च आणि मोबाईल पिशवीत. इथेच त्या रात्रीची आमची चूक झाली.

ठरलं असं होतं की दर तासाला पाण्यावरच्याने एक निरोप पाठवायचा. ओळीने दोन निरोप आले नाहीत तर रस्त्यावरच्याने १५५४ ला फोन करायचा, स्वतः तर्क लढवत बसायचं नाही. साडेदहाचा आला, साडेअकराचा आला. साडेबाराचा आला नाही. रस्त्यावरचा तेव्हा हेदवीला होता. समुद्राकडे बघितलं तर चंद्राचा चकाकता पट्टा आणि मच्छीमारांचे आठ-दहा दिवे. त्यातला आपला कुठला, ते कळायला मार्ग नाही.

पाण्यावर झालं होतं ते असं. वारा थोडा फिरला म्हणून होडी जरा आत सरकली आणि तरंगत्या जाळ्याचा दोर सुकाण्यात अडकला. होडी जागच्या जागी थांबली, शीड फडफडायला लागलं. लांबून एका बोटीवरून टॉर्च हलला आणि ओरडणं ऐकू आलं, "जाळं आहे! बाहेरनं जा!" त्याआधीही तो टॉर्च दोनदा हलला होता. आपल्याला वाटलं, कोणीतरी नमस्कार करतंय.

अशा वेळी सुरी हाताशी असते आणि कापायचा मोह होतो. कापायचं नाही. ते कोणाचं तरी हजारो रुपयांचं जाळं असतं, आणि कापलेला तुकडा सुकाण्यात तसाच राहतो. ट्रेलरवरच्या होडीची एक सोय असते. तिचं सुकाणू आणि पोटातली फळी दोन्ही वर ओढता येतात. शीड उतरवलं, फळी वर, सुकाणू वर, मग होडी पाण्यावर नुसती पानासारखी. दोर वल्ह्याने खाली दाबला आणि ती त्यावरून सरकून गेली. हे सांगायला एक मिनिट लागलं, करायला पन्नास मिनिटं. दोन्ही हात गुंतलेले, पिशवी नाळेकडे, आणि अंगावर पट्टा बांधलेला, त्यामुळे तिथवर पोचता येईना.

पट्टा का सोडला नाही? एकटा माणूस पाण्यात पडला तर ओरडून उपयोग नाही, ऐकायला कोणी नाही. चार नॉटने जाणारी होडी सेकंदाला दोन मीटर जाते. एका मिनिटात ती सव्वाशे मीटर पुढे असते आणि परत वळत नाही. म्हणून सूर्य मावळला की पट्टा होडीला अडकवलेला, लघवीलासुद्धा सोडायचा नाही. बुडालेल्यांत त्या एका कारणाने उभे राहिलेले बरेच असतात, असं जुने खलाशी सांगतात. विषय हसण्यावारी जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरा निरोप एक वाजून वीस मिनिटांनी गेला. दहा मिनिटं आधी. रस्त्यावरच्याने क्रमांक काढून ठेवला होता आणि घड्याळाकडे बघत उभा होता. त्या पन्नास मिनिटांबद्दल आमच्या दोघांची मतं आजही जुळत नाहीत. पाण्यावरचा म्हणतो, मी कामात होतो, मला वेळ कळलाच नाही. रस्त्यावरचा म्हणतो, मला मिनिट-मिनिट कळलं. त्यानंतर मोबाईल पाणीबंद पाकिटात गळ्यात अडकवायचा, असं ठरलं.

जयगडचा दिवा समोर येईपर्यंत साडेतीन वाजले. चंद्र मावळतीला टेकलेला. पाणी खाली जाऊन नुकतं वळलेलं. खाडीच्या तोंडावर ओहोटीला वाळू वर येते, आणि आत बंदराचे झगमगते दिवे. त्या उजेडात बोयाचे लाल-हिरवे दिवे हरवून जातात. आपल्याकडच्या पद्धतीने समुद्रातून आत शिरताना लाल डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. पण लाल कुठला आणि मोबाईलच्या टॉवरवरचा लाल कुठला? थंडी वाजतेय, भूक लागलीय, सहा तास जागरण झालंय, आणि चहा दीड मैलावर दिसतोय. एकट्याच्या होड्या बुडतात त्या या वेळी, असं आम्हाला वाटतं.

पाण्यावरचा आत गेला नाही. त्याने होडी समुद्राकडे वळवून तीन मैल बाहेर नेली, पुढचं शीड उलट्या बाजूला बांधलं आणि सुकाणू विरुद्ध बाजूला अडकवलं. असं केलं की शीड होडीला एका बाजूला ढकलतं, सुकाणू दुसऱ्या बाजूला, आणि होडी जवळपास जागच्या जागी डोलत राहते, हळूहळू वाऱ्याबरोबर सरकते. वारा जमिनीकडून, म्हणजे सरकणं बाहेरच्या बाजूला. तरीही झोप नाही. दर दहा मिनिटांनी उभं राहून चारी दिशा बघायच्या. दुपारी दाभोळला तीन तास झोप काढली होती, ती इथे कामाला आली. रात्रीच्या प्रवासाची तयारी म्हणजे दुपारची झोप, हे आम्ही नवीन माणसाला सगळ्यात आधी सांगतो आणि तो सगळ्यात आधी तेच विसरतो. मध्येच होडीखालचं पाणी निळसर उजळायचं. हिवाळ्यात कोकणात सूक्ष्म जीवांमुळे लाट अशी चमकते. वल्हं बुडवलं की निळी रेघ. तीन तास त्याने त्या रेघा काढल्या.

सात वाजता उजाडलं. पाणी अर्ध्याच्या वर चढलं होतं. बोये नुसत्या डोळ्यांना दिसत होते, दीपगृह आता पांढरा मनोरा झालं होतं, आणि रस्त्यावरचा तवसाळहून सकाळच्या फेरीने जीप-ट्रेलर घेऊन पलीकडे आलेला. रात्री ज्या तोंडातून जाणं जुगार होतं, तिथून होडी वीस मिनिटांत आत आली.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "आमचा मुलगा उजनीवर शिकायचं म्हणतो. पाठवू का?" पाठवा. जीवरक्षक जाकीट घालूनच पाण्यावर जायचं, ही अट घाला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले की पाण्यावर नको, हेही सांगा. दोन हिवाळे दिवसा, मग एखादी पौर्णिमेची रात्र, तीही जोडीने. आणि रात्री तो पाण्यावर असेल तेव्हा काठावर जागं कोण राहणार, ते आधी घरात ठरवून टाका.